झायलेनॉल ऑरेंज पेरॉक्साइड संच: कपाशीच्या लाल पानांवर एका हंगामाचा अनुभव

यवतमाळ जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी असलेल्या महाविद्यालयात मी वनस्पतिशास्त्र शिकवते. गेल्या खरिपात दोन विद्यार्थिनींच्या प्रकल्पासाठी आम्ही जैविक नमुन्यांतील हायड्रोजन पेरॉक्साइड मोजण्याचा एक तयार संच नागपूरच्या पुरवठादारामार्फत मागवला. फेरस लोह आणि झायलेनॉल ऑरेंज हे रंगद्रव्य यांवर आधारलेले असे संच अनेक कंपन्या विकतात आणि त्यांची रचना जवळजवळ सारखीच असते, म्हणून या परीक्षणात कंपनीपेक्षा संचाच्या पद्धतीवर आणि आमच्यासारख्या प्रयोगशाळेत ती कशी वागते यावर माझा भर आहे. हा संच घ्यावा का, असे विदर्भातील इतर ग्रामीण महाविद्यालयांतल्या सहकाऱ्यांनी मला विचारले आहे आणि त्यांना फोनवर दिलेले उत्तर दर वेळी अपुरे राहिले आहे.

प्रकल्पाचा विषय आमच्याच परिसरातला होता. कपाशीवरचा लाल्या इथे कोणाला समजावून सांगावा लागत नाही. बोंडे भरण्याच्या काळात पाने कडेने लाल होऊ लागतात आणि थोड्याच दिवसांत संपूर्ण वावर तांबूस दिसते. हा जंतूंमुळे होणारा रोग नसून झाडाच्या शरीरक्रियेतील बिघाड आहे; मॅग्नेशियम व नत्राची कमतरता, रात्रीचे घसरलेले तापमान आणि पाण्याचा ताण ही त्याची नेहमीची कारणे आहेत. मॅग्नेशियम कमी पडले की पान सूर्यप्रकाश शोषत राहते, पण त्या ऊर्जेचा पुरता उपयोग करू शकत नाही. मग हरितलवकातील इलेक्ट्रॉन ऑक्सिजनकडे वळतात, त्यातून सुपरऑक्साइड आणि पुढे हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते. लाल पानात हिरव्या पानापेक्षा पेरॉक्साइड किती जास्त असते, एवढेच आम्हाला मोजायचे होते. नमुने घेताना धुऱ्यावर भेटलेल्या शेतकऱ्यांनी विचारले होते, "मॅडम, पान लाल झालं म्हणजे पऱ्हाटी गेली का?" त्या प्रश्नाचे थोडेसे उत्तर या आकड्यातून मिळेल, अशी मुलींची अपेक्षा होती, आणि म्हणूनच तो आकडा खरा असणे महत्त्वाचे होते.

संचाच्या खोक्यात दोन मुख्य बाटल्या असतात. एकीत तीव्र सल्फ्युरिक आम्लात विरघळवलेले फेरस अमोनियम सल्फेट असते, दुसरीत सॉर्बिटॉल आणि झायलेनॉल ऑरेंज यांचे पाण्यातील द्रावण. वापरण्यापूर्वी पहिलीतला १ भाग दुसरीतल्या १०० भागांत मिसळायचा आणि नमुन्याच्या दहापट हे मिश्रण नमुन्यात घालून अर्धा तास थांबायचे. पेरॉक्साइड फेरस लोहाचे फेरिक लोह करते, फेरिक लोह झायलेनॉल ऑरेंजशी बांधले जाते आणि पिवळसर द्रावण जांभळे होते. तो रंग ५६० नॅनोमीटरवर मोजतात. सॉर्बिटॉलचे काम मला विशेष आवडते. लोह आणि पेरॉक्साइड यांच्या क्रियेतून निघणारा हायड्रॉक्सिल मूलक सॉर्बिटॉलवर तुटून पडतो, त्यातून नवी पेरॉक्सी मूलके तयार होतात आणि ती आणखी फेरस लोहाचे ऑक्सिडीकरण करतात, त्यामुळे पेरॉक्साइडच्या एका रेणूमागे फेरिक लोहाचे अनेक अणू मिळतात आणि अगदी थोड्या पेरॉक्साइडचाही रंग डोळ्यांना दिसतो. यात विकर (एन्झाइम) नाही, फ्लुरोसन्सची, म्हणजे द्रव्याची चमक मोजण्याची, गरज नाही, उणे २० अंशांची शीतपेटी लागत नाही. द्रावणाने शोषलेला प्रकाश मोजणारा साधा स्पेक्ट्रोफोटोमीटर आणि साधा फ्रिज यांवर काम भागते, आणि ग्रामीण प्रयोगशाळेच्या दृष्टीने हा या पद्धतीचा सर्वांत मोठा गुण आहे.

खोक्यावर ५०० चाचण्या असे छापलेले होते. हा आकडा ९६ खळग्यांच्या प्लेटसाठी आहे, जिथे एका चाचणीला सुमारे २०० मायक्रोलिटर अभिकारक पुरतो. आमच्याकडे प्लेट रीडर नाही. आमचा स्पेक्ट्रोफोटोमीटर एका वेळी एकच क्युव्हेट, म्हणजे द्रावणाची छोटी चौकोनी नळी, वाचतो आणि तिच्यात १ मिलिलिटर तरी द्रावण हवे. म्हणजे १०० मिलिलिटर अभिकारकातून आमच्या वाट्याला ५०० नव्हे, १०० क्युव्हेट आल्या. त्यांतून दररोज प्रमाण आलेखासाठी, म्हणजे माहीत असलेल्या पेरॉक्साइडच्या द्रावणांवरून काढलेल्या आलेखासाठी, सहा बिंदू, प्रत्येकी दोनदा, असे १२ वाचन जातात. एका नमुन्याला, पुढे सांगणार आहे त्या तुलनेसह, ४ क्युव्हेट लागतात. दिवसाला पाच नमुने धरले तर ३२ क्युव्हेट एका दिवसात संपतात आणि तीन दिवसांत संच रिकामा होतो. ५०० चाचण्यांच्या संचातून आम्हाला १५ नमुने मिळाले. खरेदीचा प्रस्ताव प्राचार्यांसमोर ठेवण्यापूर्वी हे गणित कागदावर मांडायला हवे होते. आम्ही ते संच फोडल्यावर मांडले.

प्रमाण द्रावणाविषयी माझी तक्रार अधिक गंभीर आहे. संचासोबत ३ टक्के, म्हणजे सुमारे ०.८८ मोलर हायड्रोजन पेरॉक्साइडची छोटी बाटली होती आणि पुस्तिकेत ती थेट पातळ करून वापरायला सांगितले होते. पेरॉक्साइड मात्र बाटलीत स्थिर राहत नाही. उष्णतेने आणि धातूंच्या सूक्ष्म अंशाने त्याचे पाणी व ऑक्सिजन होत राहते. विदर्भाच्या उन्हाळ्यात गोदामाचे तापमान किती चढते हे आपण जाणतो, म्हणून मी बाटलीवरच्या आकड्यावर विसंबले नाही. पेरॉक्साइड २४० नॅनोमीटरवर प्रकाश शोषते आणि त्याचा मोलर शोषण गुणांक सर्वसाधारणपणे ४३.६ धरतात, द्रावण १०० पट पातळ करून १ सेंटीमीटरच्या क्वार्ट्झ क्युव्हेटमध्ये वाचले तर शोषकता ०.३८ च्या आसपास यायला हवी. आमची आली ०.३१. म्हणजे ८.८ ऐवजी ७.१ मिलिमोलर. लेबलवर विश्वास ठेवून आलेख काढला असता तर प्रत्येक पानातील पेरॉक्साइड सुमारे २४ टक्क्यांनी फुगलेले दिसले असते. ही तपासणी पाच मिनिटांची आहे, पण काच किंवा प्लास्टिकची क्युव्हेट वापरली तर ती निरर्थक ठरते, कारण २४० नॅनोमीटरचा प्रकाश त्यांतून नीट जातच नाही. पुस्तिकेत याबद्दल एक ओळही नसणे मला क्षम्य वाटत नाही.

तरीही खरी अडचण नमुन्यातच होती. संचाची पुस्तिका रक्तद्रव, मूत्र आणि पेशीसंवर्धनाचे माध्यम डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेली आहे. कपाशीचे लाल पान तिच्या लेखकांच्या कल्पनेत नसावे. पहिल्या दिवशी मुलींनी पुस्तिकेप्रमाणे काम केले आणि लाल पानात हिरव्या पानाच्या तिप्पट पेरॉक्साइड असल्याचा निष्कर्ष आनंदाने माझ्याकडे आणला. तो आकडा मला फार सुबक वाटला. पान लाल होते ते अँथोसायनिन या रंगद्रव्यामुळे, आणि अँथोसायनिन आम्लात अधिकच गडद लाल होते. त्याचे कमाल शोषण साधारण ५३० नॅनोमीटरच्या आसपास असले तरी त्याचा उतार ५६० वरही बऱ्यापैकी पोचतो. म्हणजे पेरॉक्साइडचा रंग म्हणून जे मोजले गेले, त्यात पानाचा स्वतःचा लाल रंग मिसळला होता. शिवाय पानांवर बसलेली काळ्या मातीची धूळ आम्लात थोडे लोह सोडते, आणि फेरिक लोह कुठूनही आले तरी झायलेनॉल ऑरेंज जांभळेच होते. लोह पेरॉक्साइडने बदलले की मातीतून आले, हे रंगद्रव्याला ओळखता येत नाही.

यावर उपाय एकच आहे आणि तो जुना आहे: कॅटालेज. हे विकर पेरॉक्साइडचे विघटन अत्यंत वेगाने करते आणि दुसऱ्या कशाला सहसा हात लावत नाही. एकाच अर्काचे दोन भाग करायचे, एकात जिवंत कॅटालेज घालायचे, दुसऱ्यात तेवढेच पण उकळून निकामी केलेले कॅटालेज घालायचे, आणि दोन्हींवर संचाची क्रिया करून पहिले वाचन दुसऱ्यातून वजा करायचे. जो फरक उरेल तेवढेच हायड्रोजन पेरॉक्साइड. अँथोसायनिन, धुळीतील लोह, मेदाम्लांची इतर पेरॉक्साइडे हे सगळे दोन्ही नळ्यांत सारखेच असल्यामुळे वजाबाकीत निघून जाते. उकळलेले कॅटालेज वापरण्याचे कारण असे की कॅटालेजमध्ये स्वतःचे लोह असते आणि त्याच्या भुकटीत इतर प्रथिनेही असतात. नुसते पाणी घातलेली नळी ही तिची योग्य जोडीदार होत नाही. ही वजाबाकी केल्यावर आमचा तिप्पट फरक दीडपटीच्या आत आला. मुलींचा चेहरा उतरला, पण त्यांना मी सांगितले की हा दीडपटीचा फरक आता त्यांचा आहे, आधीचा तिप्पट फरक पानाच्या रंगाचा होता. संचात कॅटालेज नव्हते. जैविक नमुन्यांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या पेरॉक्साइड संचात ते नसणे ही माझ्या मते त्याची सर्वांत मोठी उणीव आहे.

कॅटालेज वापरायचे तर अर्क उदासीन हवा, आणि इथे एक पेच येतो. पान कुटताक्षणी त्यातील पेरॉक्सिडेज आणि एस्कॉर्बेट पेरॉक्सिडेज ही विकरे पेरॉक्साइड खायला लागतात, म्हणून अर्क थंड आम्लातच काढावा लागतो. आम्ही आधी ५ टक्के ट्रायक्लोरोॲसेटिक आम्ल वापरले, कारण आमच्या विभागात तीच सवय होती. ते चूक होते. हे आम्ल सुमारे ०.३ मोलर भरते आणि दहापट अभिकारकात मिसळल्यावरही २८ मिलिमोलरच्या आसपास उरते, म्हणजे संचातील सल्फ्युरिक आम्लाच्या बरोबरीचे. झायलेनॉल ऑरेंजचा रंग १.७ ते १.८ सामूच्या (पीएच) अरुंद पट्ट्यातच नीट खुलतो, त्यामुळे आमचे वाचन खाली आले. नंतर २५ मिलिमोलर सल्फ्युरिक आम्लातच पाने कुटली, सेंट्रिफ्यूज केले, वरचे द्रावण थोड्या सोडियम हायड्रॉक्साइडने उदासीन केले आणि लगेच दोन भागांत विभागले. उदासीन अर्क दहा मिनिटांहून जास्त ठेवू नये, कारण त्यातील फिनॉल आणि एस्कॉर्बिक आम्ल हवेतील ऑक्सिजनशी क्रिया करून नवे पेरॉक्साइड तयार करतात. ज्यांच्या नमुन्यात ईडीटीए असेल त्यांनी या संचाचा विचारच करू नये. ईडीटीए लोह पकडून ठेवते आणि रंग येतच नाही.

पाने वावरातून प्रयोगशाळेपर्यंत आणण्याचा प्रश्न आम्ही कसा सोडवला हे सांगण्यासारखे आहे, कारण अनेक सहकारी इथेच थांबतात. तोडलेले पान पिशवीत घालून मोटारसायकलवर आणले तर वाटेतच त्यातील पेरॉक्साइडचे प्रमाण बदलते. ते तोडल्या जागी द्रवरूप नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंशांवर, गोठवायला हवे. द्रवरूप नायट्रोजन फक्त मोठ्या शहरांत मिळतो असा समज आहे. पण कृत्रिम रेतनाच्या कांड्या द्रवरूप नायट्रोजनमध्येच साठवतात, त्यामुळे तो तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यांपर्यंत नियमित पोचतो. आम्ही रीतसर पत्र दिले आणि आमच्या छोट्या फ्लास्कपुरता नायट्रोजन मिळाला. पाने आधी स्वच्छ पाण्याने धुऊन टिपून घेतली, म्हणजे धुळीचा त्रासही कमी झाला.

एवढे करूनही एक परीक्षा बाकी राहते. अर्कात माहीत असलेले पेरॉक्साइड मुद्दाम मिसळायचे आणि संच त्यातले किती परत दाखवतो ते पाहायचे. आम्ही २० मायक्रोमोलर मिसळले, सापडले १३. कपाशीच्या पानात फिनॉल आणि एस्कॉर्बिक आम्ल भरपूर असतात. एस्कॉर्बिक आम्ल फेरिक लोहाला परत फेरस करते आणि तेवढा रंग कमी होतो. अर्क पाचपट पातळ केल्यावर २० पैकी १८ परत मिळाले. पातळ केल्याने मूळ वाचनही कमी होते, त्यामुळे हिरव्या पानांचे आकडे यंत्राच्या अचूकतेच्या सीमेवर येऊन बसतात. त्याला आमच्याकडे इलाज नव्हता आणि प्रकल्प-अहवालात आम्ही तसे लिहिले. पानांतील पेरॉक्साइडचे प्रसिद्ध झालेले आकडे एकमेकांपासून कित्येक पटींनी वेगळे असतात, त्यामागे झाडांच्या फरकापेक्षा अशाच न केलेल्या तपासण्यांचा वाटा मोठा असावा असे माझे मत झाले आहे.

संच घेण्यापूर्वी इतर पद्धतींचाही विचार व्हावा. पोटॅशियम आयोडाइडची पद्धत सर्वांत स्वस्त आहे: पानाचा ०.१ टक्का ट्रायक्लोरोॲसेटिक आम्लातील अर्क, ७ सामूचे फॉस्फेट बफर आणि १ मोलर पोटॅशियम आयोडाइड एकत्र करून ३९० नॅनोमीटरवर वाचतात. दुधात पेरॉक्साइड मिसळले आहे का हे स्टार्च व आयोडाइडने पाहतात, त्याचेच हे अधिक काटेकोर रूप आहे. तिची संवेदनशीलता कमी आहे आणि ३९० वर पानातील पिवळी द्रव्ये आडवी येतात, तरी पदवीच्या प्रात्यक्षिकासाठी मी तीच सुचवेन. टायटॅनियमच्या पद्धतीत पेरॉक्साइडचा पिवळा साका वेगळा काढून धुता येतो, त्यामुळे रंगीत अर्काला ती चांगली. पण थंड ॲसिटोन, अमोनिया आणि पुन्हा सल्फ्युरिक आम्ल अशी कामे वर्गात ३० विद्यार्थी असताना करवत नाहीत.

हॉर्सरॅडिश पेरॉक्सिडेज आणि ॲम्प्लेक्स रेड यांचा संच मी विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत वापरून पाहिला आहे. त्यात पेरॉक्साइडच्या एका रेणूमागे रेसोरुफिनचा एक रेणू तयार होतो, त्याचे फ्लुरोसन्स ५८५ नॅनोमीटरच्या सुमारास वाचतात आणि नॅनोमोलर पातळीवरचे पेरॉक्साइडही दिसते. पेशीसंवर्धनाच्या कामाला आज मी तोच घेईन. मात्र तो प्रकाशाने खराब होतो, विकरासाठी शीतसाखळी लागते, आणि पानातील फिनॉल हे त्याच पेरॉक्सिडेजचे आवडते खाद्य असल्यामुळे ते रंगद्रव्याशी स्पर्धा करून वाचन पाडतात. गंमत अशी की हीच विकरपद्धत आपल्या गावातील बहुतेक पॅथॉलॉजी लॅबमध्ये रोज चालते: रक्तातील साखर मोजताना ग्लुकोज ऑक्सिडेज साखरेपासून पेरॉक्साइड तयार करते, पेरॉक्सिडेज त्यापासून गुलाबी रंग काढते आणि यंत्र तो ५०५ नॅनोमीटरच्या आसपास वाचते. डायक्लोरोफ्लुरोसीनच्या रंगद्रव्याची शिफारस मी करणार नाही. ते पेरॉक्साइडशी थेट क्रिया करत नाही आणि इतर अनेक गोष्टींनी चमकते, तरी त्याच्या चमकेला पेरॉक्साइड म्हटले जाते. पेरॉक्साइड पानात नेमके कुठे आहे हे पाहायचे असेल तर डायअमिनोबेंझिडीनचा तपकिरी रंग अप्रतिम काम करतो, फक्त हातमोजे सक्तीचे असावेत.

आता भारनियमनाविषयी. संचाची क्रिया अर्ध्या तासाने वाचायची असते आणि त्यानंतरही रंग हळूहळू चढत राहतो. एका दुपारी विसाव्या मिनिटाला वीज गेली आणि पन्नासाव्या मिनिटाला आली. त्या दिवशीचे सगळे नमुने आम्ही टाकून दिले. प्रमाण द्रावणे आणि नमुने एकाच वेळी सुरू करून एकाच वेळी वाचले तर थोडा उशीर पचतो, पण यंत्राच्या दिव्याला तापायला वेळ लागतो, म्हणून त्याला इन्व्हर्टर असलाच पाहिजे.

एवढ्या अनुभवानंतर माझे मत असे आहे की हा संच पहिल्यांदा शिकण्यासाठी एकदा घ्यावा, दुसऱ्यांदा घेऊ नये. त्यातील प्रत्येक वस्तू आपल्या कपाटात असते किंवा सहज मिळते. १०० मिलिलिटर अभिकारकासाठी ०.१४ मिलिलिटर तीव्र सल्फ्युरिक आम्ल पाण्यात सावकाश मिसळावे, त्यात ९.८ मिलिग्रॅम फेरस अमोनियम सल्फेट, म्हणजे रसायनशास्त्र विभागातला मोहरचा क्षार, विरघळवावा, मग १.८२ ग्रॅम सॉर्बिटॉल आणि ७.६ मिलिग्रॅम झायलेनॉल ऑरेंज घालावे. हा क्रम पाळावा, कारण आम्लाविना पाण्यात फेरस लोह आपोआप फेरिक होऊ लागते आणि नमुना न घातलेला ब्लँकच जांभळा निघतो. एवढे कमी वजन मोजणारा तराजू नसेल तर दहापट तीव्र साठा करून पातळ करावा. झायलेनॉल ऑरेंज अनुमापनाचा दर्शक म्हणून रसायनशास्त्र विभागात बहुधा आधीच पडून असतो. मात्र त्याचा प्रत्येक लॉट वेगळा वागतो, म्हणून नवी बाटली उघडली की नवा आलेख काढावा.

यंदा मी झायलेनॉल ऑरेंजची ५ ग्रॅमची बाटली मागवली आहे, जी कोरडी ठेवली तर ६५० वेळा १०० मिलिलिटर अभिकारकाला पुरेल. उरलेल्या पैशांत कॅटालेज आणि एक क्वार्ट्झ क्युव्हेट आली. संचाच्या दोन तपकिरी बाटल्या आम्ही धुऊन ठेवल्या आहेत. एकीत आमचे आम्लातले लोह आहे आणि दुसरीवर नव्या विद्यार्थिनीने स्वतःच्या अक्षरात "सॉर्बिटॉल + झायलेनॉल" असे लेबल लावले आहे. मॅग्नेशियम सल्फेट फवारलेल्या आणि न फवारलेल्या ओळींतली पाने ऑक्टोबरमध्ये तोडायची आहेत, त्यासाठी पशुवैद्यकीय दवाखान्याला द्यायचे पत्रही तयार आहे.